मॅनेजरचं नाक

मॅनेजरच्या नाकात गाठ आहे ही बातमी लॉन्ड्रीत फुटली, तेव्हा लॉन्ड्रीचे मॅनेजर आतल्या खोलीत निवांत चहा पीत होते. बाहेर काउंटरवरच्या बाईला नवऱ्याचा फोन आला होता. ऐकता ऐकता तिने स्टुलावर बसकण मारली आणि म्हणाली, "अगं बाई! मॅनेजरला कॅन्सर? नाकात? आणि रोज बेशुद्ध करून किरण देणार म्हणता?" फोन ठेवून तिने डोळ्यांना रुमाल लावला. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून आणलेला फुलांचा गुच्छ साहेबांच्या हातात पडला. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "साहेब, धीर सोडू नका. हल्ली यातून माणसं उठतात." साहेबांनी गुच्छ घेतला, आरशात जाऊन नाक बघितलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून सगळ्या तपासण्या करून आले. काही निघालं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस ते बोलता बोलता मधेच नाक चाचपायचे.

ज्याच्या नाकात खरोखर गाठ होती, तो मॅनेजर म्हणजे त्या बाईचा कुत्रा. तिचाही नाही म्हणा, तिच्या नवऱ्याचा.

नवऱ्याला सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. खरं नाव एकट्या बायकोला ठाऊक, आणि ती त्याला ‘अहो’ म्हणायची, त्यामुळे ते नाव कधी कुणाच्या कानावर पडलंच नाही. तो शववाहिका चालवायचा. लांबुडकी, काळी, मागे दोन्ही बाजूंना काचा असलेली गाडी. त्या गाडीतून जाणाऱ्याला घाई नसते, आणि मागून चालत येणाऱ्यांना ती दाखवता येत नाही. अशा गाडीवर उभं आयुष्य काढल्यामुळे सावकाशचा सगळाच कारभार त्या वेगाने चालायचा. तो दाढी सावकाश करायचा, जिना सावकाश चढायचा, आणि बायकोने सकाळी काही विचारलं तर उत्तर दुपारी मिळायचं.

गाडी निम्मी त्याची, निम्मी मेव्हण्याची. मेव्हणा फोन घ्यायचा, लोकांशी बोलायचा, फुलांची आणि शवपेटीची सोय करायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. सावकाशच्या जिभेला मात्र सगळी हाडंच असावीत. दोघांचं बरं चाललं होतं.

मॅनेजर त्यांना गॅरेजमध्येच सापडला होता, गाडीच्या खाली, मुठीएवढा. मोठा झाला तसा तो ऑफिसातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसायला लागला. सगळ्यांच्या कामाकडे बारीक लक्ष ठेवायचा, स्वतः काडीचं काम करायचा नाही, आणि चहाच्या वेळेला बिस्किटं आली नाहीत की नाराज व्हायचा. नाव ठेवायला वेगळा विचार करावा लागला नाही.

तर हा मॅनेजर शिंकायला लागला. आधी वाटलं धूळ असेल. मग शिंकेबरोबर रक्ताचे थेंब भिंतीवर उडायला लागले. आणि एक दिवस सावकाशने पायाशी टाकलेलं बिस्किट त्याला सापडेना. बिस्किट समोर, कुत्रा त्याच्या भोवती गोल गोल फिरतोय, शेवटी त्याच्यावर पाय पडला तेव्हा त्याला ते कळलं. ज्या नाकाला दोन गल्ल्यांपलीकडे काय शिजतंय ते समजायचं, त्या नाकाला नाकासमोरचं कळेना.

गल्लीतल्या डॉक्टरने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे जनावरांच्या कॅन्सरसाठी वेगळा विभाग होता आणि तो सांभाळायला एक डॉक्टरीणबाई होत्या. बारीक चणीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो जगभर शोधणाऱ्या. त्यांनी पडद्यावर मॅनेजरच्या डोक्याचे फोटो लावले.

"ही डावी नाकपुडी. काळं दिसतं ती हवा. आणि ही उजवी. इथेही काळं दिसायला हवं होतं."

उजवीकडे सगळं राखाडी, गच्च भरलेलं होतं.

"कुणीतरी घर अडवून बसलंय," सावकाश म्हणाला.

"अगदी तसंच. आणि भाडेकरू चांगला नाही."

"कापून काढता येत नाही?"

"तिथे चाकू नीट पोचत नाही. किरण पोचतात. चार आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. किरण दुखत नाहीत, पण तेवढा वेळ त्याने जराही हलायचं नाही, आणि ते त्याला सांगून समजणार नाही. म्हणून रोज थोडी भूल. शेवटी शेवटी तोंड येईल, कातडी उन्हाने भाजल्यासारखी होईल, नाकावरचे केस जातील, डोळ्यांतून पाणी वाहील. मग ते हळूहळू ओसरेल."

"आणि गाठ?"

"आकसेल असं वाटतं. किती आणि किती काळासाठी, ते आज सांगितलं तर ती मी मारलेली थाप होईल."

सावकाशला ही बाई आवडली. पण एक गोष्ट त्याला जड गेली. त्याच्या धंद्यात गाडी बोलावली जायची तेव्हा निकाल लागलेला असायचा. काय बोलायचं नाही, हात कुठे ठेवायचे, कुणाला खांदा द्यायचा, सगळं त्याला पाठ होतं. निकाल लागायच्या आधी माणसाने कसं बसायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका, पण कुत्रं आहे ते."

बोलली त्याची बायको. "तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू आमच्या पलंगावर पसरलास, तेव्हा हे म्हणाले का, मेव्हणा आहे तो?"

"ताई, मी माणूस आहे."

"हो ना. तो बिचारा तर नुसतीच बिस्किटं मागतो."

घराला रंग द्यायचा विचार होता, तो पुढे ढकलला आणि विषय संपला.

आता प्रश्न न्यायचा कसा. मॅनेजर वासराएवढा. टॅक्सीवाले आधी कुत्रा बघायचे, मग तो शिंकायचा, मग टॅक्सीवाले दिसायचे नाहीत. बसमध्ये घेत नव्हते. राहता राहिली काळी गाडी. अंत्यविधी बहुतेक दुपारनंतर असायचे, सकाळी गाडी रिकामीच उभी असायची. बायकोने मागे जुनी चादर अंथरली आणि मॅनेजर आपल्या हक्काच्या वाहनात चढावं तसा चढला.

पहिल्या दिवशी सावकाशने वेगाने चालवायचा प्रयत्न केला, पण पायाला सवय नव्हती. गाडी आपल्या नेहमीच्या चालीने निघाली. रस्त्यावरची माणसं नेहमीसारखी थांबली, माना खाली घातल्या. मग मान वर करून बघतात तर काचेतून एक कुत्रा, एक कान उभा आणि एक पडलेला, त्यांच्याकडे कौतुकाने पाहतोय. एका म्हाताऱ्या गृहस्थाने टोपी काढून छातीशी धरली होती. मॅनेजर त्याच्यावर खणखणीत भुंकला. गृहस्थाने टोपी घातली आणि झपझप चालायला लागला.

हॉस्पिटलच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "कुणाला न्यायला आलात? आत्ता तर कुणी गेलेलं नाही."

"आणायला आलोय," सावकाश म्हणाला.

पहारेकऱ्याने मागे बघितलं. मॅनेजर शिंकला. फाटक उघडलं.

पण खरा घोटाळा आत झाला. वेटिंग रूमच्या मोठ्या खिडकीतून गाडी उभी राहताना सगळ्यांना दिसली. मांडीवर टोपल्या, पिशव्या, पिंजरे घेऊन बसलेल्या माणसांचे चेहरे उतरले. त्यांच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका ताडकन उठल्या. त्यांच्या पांढऱ्या मांजरीच्या जबड्यात गाठ होती. मांजरीचं नाव राणीसरकार. टोपली छातीशी कवटाळून बाई दारात आल्या.

"काय हो, लाज वाटते का? जिवंत जनावरं आहेत इथे!"

"माझंही जिवंतच आहे," सावकाश म्हणाला.

"मग ही असली गाडी?"

"दुसरी नाही."

हार मानतील त्या मुख्याध्यापिका कसल्या. त्यांनी सावकाशला गाडी इमारतीच्या मागे, खिडकीच्या नजरेआड लावायला लावली, परत आल्यावर पाय पुसून यायला लावलं, आणि मग आपल्या शेजारची खुर्ची दाखवून म्हणाल्या, "बसा. सरळ बसा. पाठीला बाक येतो." सावकाश सरळ बसला. तेव्हापासून ती त्याची जागा ठरली.

किरणांच्या खोलीत मॅनेजरसाठी मुखवटा तयार केला. जाळीदार प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून त्याच्या झोपलेल्या तोंडावर दाबला, तो थंड होऊन कडक झाला, आणि मॅनेजरच्या थोबाडाचा हुबेहूब साचा तयार झाला. रोज तोच मुखवटा घालून त्याचं डोकं तसूभरही न हलता त्याच जागी बसवायचं, सगळ्यांनी बाहेर जायचं, जाड दार लावायचं आणि पडद्यावर बघत राहायचं. यंत्र त्याच्याभोवती गुरगुरत फिरायचं. जागा असता तर मॅनेजरने त्याला उलट गुरगुरून दाखवलं असतं. इतर मुखवट्यांबरोबर त्याचाही मुखवटा खुंटीवर टांगलेला असायचा. त्याच्याकडे पाहून सावकाशला दर वेळी वाटायचं, याचं नाक जरा जास्तच मोठं काढलंय.

भुलीच्या आधी पोट रिकामं लागतं. रात्रीचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी किरण होईपर्यंत मॅनेजरला पाण्यावर राहायचं होतं. हे खातं बायकोने आपल्याकडे घेतलं. तिने बिस्किटांचा डबा कपाटाच्या माथ्यावर चढवला आणि सगळ्यांना ताकीद दिली. "त्याच्यासमोर सकाळी कुणी तोंड हलवायचं नाही. त्याला सांगता येत नाही की तुझ्याच भल्यासाठी उपाशी ठेवलंय. निदान आपण मिटक्या मारू नयेत."

तेव्हा मेव्हणा सकाळी लवकर त्यांच्याकडे यायचा, कामाचं बोलायला आणि नाश्त्याला. जास्त करून नाश्त्याला. आता सगळं घर उपाशी. एकदा तो बराच वेळ न्हाणीघरातून बाहेर येईना. नळ धो धो चाललेला. ताईने दार वाजवलं.

"काय करतोयस?"

"तोंड धुतोय."

"मग कुरुम कुरुम आवाज कसला?"

आतला आवाज थांबला. थोड्या वेळाने मेव्हणा बाहेर आला. हनुवटीला जाम. मॅनेजर दाराशी बसलेला होता. त्याला वास येत नव्हता, पण हनुवटी दिसत होती. त्याने मेव्हण्याकडे अशा नजरेने पाहिलं की मेव्हणा पुढचे चार दिवस आपल्या घरी जेवून आला.

गल्लीत निराळीच आवई उठली. समोरच्या दुकानदाराने कुठेतरी ऐकलं होतं की किरण दिलेलं जनावर अंधारात चमकतं. पहिल्या मजल्यावरच्या माणसाने तर हळूच आपला मोबाइल मॅनेजरच्या डोक्याजवळ धरून पाहिला, रेंज वाढते का म्हणून. बायकोला काळजी वाटली. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "लोक म्हणतात, आम्ही त्याच्याजवळ बसायचं नाही का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या खोलीतला दिवा बंद केला की उजेड खोलीत साठून राहतो?"

"नाही."

"तसंच. किरण येतात, काम करतात, जातात. कुत्र्यात काही उरत नाही. बसा हवं तेवढं जवळ. आणि माझा चष्मा कुठे दिसला का?"

"डोक्यावर आहे."

बायकोने ते दिव्याचं उदाहरण गल्लीत सगळ्यांना ऐकवलं. दुकानदाराला पटलं, पण तो जरा हिरमुसलाच. त्याला चमकणारा कुत्रा बघायचा होता.

मुख्याध्यापिकाबाईंना रोज त्यांचा भाचा सोडायचा. एकदा तो घ्यायला आलाच नाही. राणीसरकार भुलीतून उठून टोपलीत डोकं डुलवत होत्या, बाहेर ऊन तापलेलं. सावकाश म्हणाला, "सोडतो."

"त्या गाडीतून? मेले तरी बसणार नाही!"

"मेल्यावर बसावंच लागतं," सावकाश म्हणाला. त्याने विनोद केला नव्हता, माहिती दिली होती. बाईंना असं हसू फुटलं की वेटिंग रूममधलं एक पिल्लू दचकून भुंकायला लागलं.

त्या पुढच्या सीटवर बसल्या, टोपली मांडीवर, पाठ सरळ. गाडी बाजारातून निघाली. भाजीच्या हातगाड्या बाजूला झाल्या. मोटारसायकली थांबल्या. एक ट्रकवाला, जो आयुष्यात कुणासाठी मागे गेला नसेल, तो मागे गेला. चौकातल्या पोलिसाने सिग्नल हाताने अडवून वाट करून दिली. उतरताना बाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी शाळेत शिस्त शिकवली. इतकी शिस्त मला कधी जमली नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला सांगून टाकलं की आता तुझी गरज नाही.

मग हळूहळू सशाची पिशवी घेऊन येणारे शिंपीही त्याच रस्त्यावर राहतात असं निघालं. सकाळी शववाहिका घरोघरी थांबून आजारी जनावरं गोळा करायला लागली. कुणाच्या दाराशी ती पहिल्यांदा थांबली की शेजारी धावत यायचे. मग शिंपी सशाला घेऊन बाहेर यायचे, आणि शेजारी रिकाम्या हाताने परत जायचे.

तिसरा आठवडा संपता संपता डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एकेक खरं व्हायला लागलं. मॅनेजरच्या नाकावरचे केस गेले, कातडी लालबुंद झाली, खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा आला. तो भोंगा दारांना, टेबलांना आणि मेव्हण्याच्या चांगल्या गुडघ्याला आपटायचा. आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. दिवसभर. बघणाऱ्याला वाटावं, या कुत्र्यावर दुःखाचा डोंगर कोसळलाय.

अशातच एक दिवस यंत्र मधेच अडलं, किरणांना उशीर झाला. तिकडे मेव्हण्याचा फोनवर फोन. एका मोठ्या घरातले आजोबा गेले होते, सगळी मंडळी जमली होती, गाडीचा पत्ता नव्हता. सावकाश आयुष्यात कधी उशिरा पोचला नव्हता. मॅनेजरला घरी सोडायला वेळ नव्हता. त्याने त्याला पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी बसवलं, भुलीने अर्धवट झिंगलेला, भोंग्यासकट, आणि गाडी थेट त्या घरी नेली.

आजोबा म्हणजे एक प्रस्थ होतं. नाकावर माशी बसू देत नसत. त्यांच्या धाकाने घरातली माणसं आजही कुजबुजत बोलत होती. मुलं, सुना, जावई, सगळे पांढऱ्या चेहऱ्याने ओळीत उभे, पण एकाच्याही डोळ्यांत टिपूस नव्हतं. पेटी गाडीत ठेवली. शांतता पसरली. आणि त्या शांततेत मॅनेजरने मान वर केली आणि गळा काढला.

भुलीतून उठताना कुत्री कधी कधी अशी रडतात. पण हे तिथे कुणाला ठाऊक? भोंगा कर्ण्यासारखा, त्यातून आवाज दुप्पट. लांबलचक, काळीज पिळवटणारा सूर. सावकाश घाईघाईने त्याला थोपटत होता, घामाने चिंब झाला होता. सगळ्यांनी पुढच्या काचेतून आत पाहिलं. एक कुत्रा, नाक लाल झालेलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आजोबांची बायको, वाळलेली, छोटीशी म्हातारी, काठी टेकत पुढे आली. खिडकीपाशी वाकून तिने मॅनेजरकडे नीट पाहिलं. मग मागे वळून आपल्या अख्ख्या गोतावळ्याला म्हणाली, "बघा! शेवटी कुणीतरी रडलं त्यांच्यासाठी."

आणि ती हसायला लागली. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत. आधी धाकटी सून हसली, मग जावई, मग थोरला मुलगा हसता हसता रडायला लागला, आणि मग सगळेच. साठ वर्षांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता म्हणतात. म्हातारीने खिडकीतून हात घालून मॅनेजरचा कान कुरवाळला. "याला बरोबरच राहू दे," ती सावकाशला म्हणाली. मॅनेजर स्मशानापर्यंत गेला.

ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागणार? दोन दिवसांत मेव्हण्याचा फोन खणखणायला लागला. "ती रडणारा कुत्रा असलेली गाडी तुमचीच ना?" मेव्हण्याला तर आभाळ ठेंगणं झालं. लाकडाच्या वखारीचे एक बडे मालक वारले होते. त्यांच्या मुलाला त्याने मॅनेजर येईल असा शब्दच देऊन टाकला. सावकाशला सांगताना त्याचा चेहरा फुलला होता.

"भाऊजी, नशीब दारात आलंय. त्याला फक्त बसायचंय. डोळे तर आपोआपच गळताहेत."

सावकाश तेव्हा जमिनीवर बसून मॅनेजरला पातळ खीर भरवत होता, बोटाने, एकेक घास. तोंडात फोड आल्यामुळे मॅनेजर जीभ लावायचा, कळवळायचा आणि मागे व्हायचा. अर्धी वाटी जायला अर्धा तास लागत होता. सावकाशने वाटी खाली ठेवली.

"त्याच्या तोंडाची आग होतेय," तो म्हणाला. आवाज इतका मोठा होता की आतून बायको बाहेर आली. "डोळे भाजलेत. म्हणून पाणी येतंय. तो रडत नाही, सोसतोय. त्याचा खेळ मांडायचा नाही. मी इतकी वर्षं लोकांच्या दुःखाला हात लावला नाही, माझ्या कुत्र्याचं दुःख मी भाड्याने देऊ?"

मेव्हण्याने त्याला एका दमात इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. तो वाटीकडे बघत राहिला. मग मॅनेजरकडे. मॅनेजरने शेपटी एकदाच, थकून, जमिनीवर आपटली.

शब्द दिला होता, त्यामुळे मेव्हणा एकटाच वखारीच्या मालकांच्या घरी गेला, कुत्रा येणार नाही म्हणून माफी मागायला. तिथे पेटीशेजारी उभं राहून तो तोंड उघडतो तो त्याच्या डोळ्यांपुढे ती खिरीची वाटी आली. "तो... तो येऊ शकत नाही," एवढंच म्हणाला आणि हुंदका फुटला. मग काही केल्या थांबेना. लोकांनी धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मालकांचा मुलगा भारावून गेला. "बाबांवर इतका जीव होता तुमचा? आम्हाला कधी बोलले नाहीत. दोन शब्द बोला ना." मेव्हणा दोन शब्द बोलायला उभा राहिला. वखारवाल्यांना तो उभ्या जन्मात भेटला नव्हता. म्हणून तो मॅनेजरबद्दलच बोलला, फक्त नाव घेतलं नाही. म्हणाला, कमी बोलायचे, पण सगळ्यांवर लक्ष असायचं. आपल्या खुर्चीवर बसून राहायचे, पण ते बसलेत म्हटलं की घराला आधार वाटायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, अगदी असेच होते.

त्या रात्रीपासून खीर भरवायला मेव्हणाही बसायला लागला. सावकाश दमला की वाटी तो घ्यायचा. भरवताना त्याची बडबड चालू असायची, आणि का कोण जाणे, त्याच्या बडबडीच्या नादात मॅनेजर जरा जास्त खायचा.

किरण संपल्यावरचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट गेले. घराच्या नाकी नऊ आले. सावकाशने पलंग सोडला आणि मॅनेजरशेजारी सतरंजीवर झोपायला लागला. बायको अधूनमधून येऊन बघायची, तर सावकाश अंधारात कुत्र्याला काहीतरी सांगत असायचा. कोणत्या रस्त्यावर खड्डे आहेत, कोणत्या घरच्या माणसांनी कधी कसं केलं, म्हातारी कशी हसली. एकदा ती दारात ऐकत उभी राहिली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्याशी तो इतकं बोलला नव्हता. तिला आधी राग आला. मग तीही उशी घेऊन खाली आली आणि म्हणाली, "सरका. मलाही सांगा, ती म्हातारी कोण?"

मग एकेक गोष्ट ओसरायला लागली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशीच. भोंगा निघाला. डोळे कोरडे झाले. नाकावर नवे केस आले, पण पांढरेशुभ्र, त्यामुळे मॅनेजर एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखा दिसायला लागला. रस्त्यात अनोळखी माणसंही त्याला वाट द्यायला लागली. राणीसरकारांचा जबडाही बरा झाला, आणि त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना चावून ते सिद्ध केलं. शिंप्यांचा ससा मात्र उन्हाळ्यात गेला. त्यांनी सावकाशला बोलावलं नाही, बागेतच पुरला. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "तुमची गाडी बघितली की तो कान उभे करायचा हो." सावकाशने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या बाबतीत काय करायचं ते त्याला येत होतं.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर नवे फोटो लावले. उजवी नाकपुडी बरीचशी काळी दिसत होती, कोपऱ्यात थोडंसं राखाडी उरलं होतं.

"भाडेकरूने सामान हलवलंय," त्या म्हणाल्या. "पण किल्ली दिलेली नाही. तो कधी परत येईल, येईल की नाही, ते मला माहीत नाही."

"बरं," सावकाश म्हणाला.

"दर तीन महिन्यांनी दाखवत चला. वास येतो का त्याला?"

"सांगता येत नाही."

दोघं बोलत असताना मॅनेजर उठला होता. डॉक्टरीणबाईंच्या टेबलाला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि सगळ्यात खालच्या खणाला पांढरं नाक लावून उभा राहिला. नाकपुड्या भराभर हलत होत्या. मग त्याने पंजा मारला.

"अरे, त्यात नुसते कागद आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मॅनेजरने पुन्हा पंजा मारला. त्याच्या घशातून एक बारीक, अधीर कुईं निघाली. बाईंनी खण ओढला, वरचे कागद बाजूला केले, आणि खाली हात घालून एक कागदात गुंडाळलेलं चीज सँडविच बाहेर काढलं. ते तिथे कधीपासून होतं, देव जाणे. त्याला हिरवट लव आली होती. बाईंचे कान लाल झाले.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझंच आहे."

सावकाश खुर्चीवर बसून राहिला. सरळ बसला होता, पण खालचा ओठ त्याच्या ताब्यात राहिला नव्हता. मॅनेजर सँडविचकडे बघत लाळ गाळत होता. डॉक्टरीणबाईंनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं, तरी मॅनेजर झाकणापाशी जाऊन खाली बसला, शेपटी फरशीवर आपटत, आणि कितीही हाका मारल्या तरी उठेना. शेवटी सावकाशने त्याला उचलून फाटकाबाहेर लावलेल्या गाडीकडे नेलं. वासराएवढा कुत्रा, दोन्ही हातांत, फाटकापर्यंत. पहारेकरी धावत आला. "काय झालं? गेला की काय?"

"नाही," सावकाश म्हणाला, "भूक लागलीय त्याला," आणि भर रस्त्यात मोठ्याने हसला.